कुणी उठून जाऊ नये म्हणून

पटकथेच्या वर्गात पहिल्या तासाला मी कुणालाही कथा विचारत नाही. प्रत्येकाला कोरा कागद देते आणि सांगते, घरातल्या बैठकीच्या खोलीचा नकाशा काढा. टीव्ही कुठे आहे, दार कुठे आहे, कोण कुठे बसतं, रिमोट कुणाच्या हाताशी असतो. मग लाल पेनाने खुणा करा: कोण, कधी, कशासाठी उठून जातं. मुलं गोंधळतात. ती 'नायकाचा प्रवास' वगैरे ऐकायच्या तयारीने आलेली असतात आणि इथे बाई खुर्च्या काढायला लावतात. पण गेली तीस-पस्तीस वर्षं मी जे काम केलं, ते सगळं त्या लाल खुणांभोवतीच फिरत आलं आहे.

माझा स्वतःचा नकाशा सदाशिव पेठेतल्या वाड्याचा आहे. १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि वर्षभरात सिंहगडावरच्या केंद्रामुळे ते पुण्यातही दिसू लागलं. आमच्या वाड्यात टीव्ही फक्त मालकांकडे. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट असायचा. आम्ही पोरं पुढे सतरंजीवर, पुरुष मागे खुर्च्यांवर, बायका माजघराच्या दारात उभ्या, कारण कुकर लावलेला असायचा. शिट्टी झाली की दारातली एक बाई कमी व्हायची. संवाद लांबला की पोरं एकमेकांना चिमटे काढायची. पडद्यावर नायक-नायिका जरा जवळ आले की मालकांचे थोरले भाऊ पाणी प्यायला उठायचे, आणि ते का उठले हे आम्हा सगळ्यांना कळायचं. क्वचित एखादा प्रसंग असा यायचा की शिट्टी झाली तरी दारातली बाई हलायची नाही. कुकरची चौथी शिट्टी होऊन जायची. मी सहा-सात वर्षांची असेन, पण ती चौथी शिट्टी माझ्या लक्षात राहिली.

लिहायला लागले ती बालनाट्यातून. १९८८ साली, कॉलेजात असताना, एका उन्हाळी शिबिरासाठी चाळीस मिनिटांचं नाटुकलं लिहिलं. त्याआधी जवळजवळ तीस वर्षं, १९५९ मध्ये, सुधा करमरकरांनी मुंबईत मुलांच्या नाटकांसाठी 'लिटल थिएटर' उभं केलं होतं आणि रत्नाकर मतकरींच्या 'मधुमंजिरी'ने त्याची सुरुवात झाली होती. मुलांसाठी म्हणून कमी खर्चात, कमी तयारीत काहीतरी उरकायचं नाही. मोठ्यांच्या नाटकाला जेवढा नेपथ्याचा, प्रकाशाचा, संगीताचा विचार लागतो तेवढाच इथेही लागतो, हा आग्रह तिथून आला. आमच्या शिबिरातल्या ताई तो मनापासून पाळायच्या. त्यांनी मला पहिल्या प्रयोगाला विंगेत उभं राहू दिलं नाही. म्हणाल्या, "तू मागे जा, शेवटच्या रांगेच्या मागे उभी राहा आणि किती पोरांना शू लागते ते मोज."

मी मोजलं. पहिल्या दहा मिनिटांत एकही नाही. राजाच्या भाषणात अकरा. राक्षस आला तेव्हा एकही नाही. शेवटी परी सगळ्यांना खरं बोलण्याचं महत्त्व सांगते, तिथे सतरा. पोरं खोटं बोलत नसतात, त्यांना खरोखरच शू लागते. पण मन गुंतलेलं असेल तर लागत नाही. दुसऱ्या प्रयोगाआधी राजाचं भाषण चार वाक्यांवर आलं आणि परीचा उपदेश पूर्ण गेला. ताईंनी विचारलं, "मग आता मुलांना कळणार कसं?" मी म्हटलं, राक्षसाला खोटं बोलल्यावर उचकी लागते, तेवढं पुरेल. पुरलं.

दूरदर्शनच्या तेरा भागांच्या मालिका मी दोन लिहिल्या. हाताने, कार्बन घालून. आठवड्याला एक भाग, हातात वेळच वेळ. त्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शांतपणे शिकण्याचे दिवस होते.

मग १९९९ नंतर खाजगी मराठी वाहिन्या आल्या आणि दैनंदिन मालिकांचं पर्व सुरू झालं. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. मालिका एक माणूस लिहीत नाही. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. कथाकार महिन्या-दोन महिन्यांचा पल्ला ठरवतो. पटकथाकार त्यातून रोजच्या भागाची वनलाइन काढतो, म्हणजे प्रत्येक सीनमध्ये काय घडतं त्याची एक-दोन ओळींत मांडणी. ती चॅनेलच्या क्रिएटिव्ह मंडळींकडे जाते, तिथून बदल येतात, मग संवादलेखकाकडे. जाहिराती वजा जाता अर्ध्या तासात बावीस मिनिटांच्या आसपास गोष्ट उरते. मालिका सुरू होताना पंधरा-वीस भागांची 'बँक' असते, म्हणजे चित्रित होऊन तयार असलेले भाग. पावसाळा येईपर्यंत ती दोनावर येते. मग सकाळी लिहिलेला सीन दुपारी शूट होतो. मी दोन वर्षं संवाद लिहिले आणि पुढे पटकथा. दर मंगळवारी सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन, दादरला उतरून लोकलने गोरेगाव, तिथून रिक्षाने चित्रनगरी. रात्री उशिरा परत. माझी मुलगी तेव्हा लहान होती आणि मंगळवारी तिला माझे वडील झोपवायचे.

या धावपळीत माझ्या हातून एक गोष्ट घडली. ती वर्गात मी दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी सांगताना त्रास होतो.

मालिकेतली सात वर्षांची मनू. तिची मैत्रीण गाव सोडून जाते असा भाग होता. वेळ कमी होता, मी सीनच्या शेवटी लिहिलं, "मनू ओक्साबोक्शी रडते." तीन शब्द. त्या दिवशी मीटिंग लवकर संपली म्हणून मी सेटवर गेले. छोटी मुलगी काही रडत नव्हती. का रडावं? तिची खरी मैत्रीण तर मेकअपरूममध्ये बसून बिस्किटं खात होती. दोन टेक, चार टेक, सहा टेक. मग कुणीतरी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं की तुझी आई तुला इथेच सोडून घरी निघून गेली. आई सेटवरच्या खोट्या भिंतीमागे उभी होती, तिला पुढे येऊ नका असं खुणेने सांगितलं होतं. मुलगी रडली. खरंच ओक्साबोक्शी. टेक ओके झाला, टाळ्या पडल्या, आईने येऊन कडेवर घेतलं, तरी तिचे हुंदके दहा-बारा मिनिटं थांबले नाहीत.

सेटवरच्या कुणावर मला बोट ठेवायचं नाही. त्यांना कागदावर जे दिलं होतं ते त्यांनी मिळवलं. कागदावरचे तीन शब्द माझे होते. ते लिहिताना मी त्या पोरीचा एक क्षणही विचार केला नव्हता. त्या रात्री परतीच्या गाडीत मी ठरवलं की यापुढे लहान मुलाच्या सीनमध्ये 'रडते', 'घाबरतो', 'हिरमुसते' असं काही लिहायचं नाही. मुलाला करता येईल असं काम लिहायचं. भावना बघणाऱ्याच्या मनात उभी राहिली पाहिजे, तिची वसुली त्या मुलाकडून करायची नाही.

ठरवणं सोपं होतं. कस लागला तो आठ-दहा महिन्यांनी.

मालिकेतल्या आजोबांचं काम करणारे ज्येष्ठ नट प्रकृतीमुळे थांबणार होते. चॅनेलकडून निरोप आला: आजोबांना काशीला पाठवा, अधूनमधून त्यांचा फोन येतो असं दाखवू. माझं म्हणणं पडलं की आजोबा जाऊ देत. मीटिंगमध्ये शांतता झाली. साडेसातचा स्लॉट, घरात जेवणाची तयारी चालू असते, मुलं बघत असतात, मृत्यू कशाला? त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हारफुलं, पांढऱ्या साड्या, टाहो, तीन दिवस चालणारं पार्श्वसंगीत, हे सगळं मलाही नकोच होतं. पण काशीचा खोटा फोनही नको होता. आमच्या प्रेक्षकांतल्या कितीतरी घरांत त्या वर्षी कुणाचे तरी आजोबा गेले असणार. त्या मुलांना आपण काय सांगणार, की तुझेही काशीला गेले आहेत?

मला दोन दिवस दिले. काही सुचेना. आणि मग माझ्याच घरातलं आठवलं. आदल्या वर्षी माझे वडील गेले होते. मुलगी आठ वर्षांची. दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत ती रडली नाही, आम्ही काळजीत. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी नव्या वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन ती बसली आणि म्हणाली, "आता माझ्या वह्यांना कव्हरं कोण घालणार?" तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, मी घालेन. ती म्हणाली, "तुला घड्या नाही येत." दोन दिवसांनी लिहायच्या टेबलाशी बसल्यावर मला कळलं की तिने तिचं दुःख मला सांगितलं होतं. मुलं दुःख असं व्यवस्थेच्या प्रश्नातून विचारतात. आता शाळेत सोडायला कोण येणार, लाडवातले बेदाणे मी कुणाला काढून देऊ.

वह्यांची कव्हरं पडद्यावर संथ वाटली असती. म्हणून पेन्सिल घेतली. आधीच्या भागांत आजोबा ब्लेडने मनूच्या पेन्सिलीला टोक काढून द्यायचे, असं दोन-तीनदा पेरलं. आजोबा गेले ते दाखवलंच नाही. एका भागात ते झोपाळ्यावर आहेत, पुढच्या भागात झोपाळ्याची कडी काढून वर अडकवलेली आहे. मग चार दिवसांनी मनूचा गृहपाठ. पेन्सिल बोथट, अक्षर जाड, तरी ती तशीच दाबून लिहिते. बाईंचा शेरा येतो. ती वही लपवते. आजी विळीवर भाजी चिरत बसलेली. मनू तिच्यासमोर जाऊन पेन्सिल पुढे करते. आजी बघते. भाजी बाजूला सारते आणि विळीच्या पात्यावर पेन्सिलीला टोक काढायला लागते. तिला ते नीट जमत नाही. शिसं दोनदा तुटतं. तिसऱ्यांदा टोक निघतं. संवाद एकही नाही.

चॅनेलला आवडलं, पण हरकत आली: घरी मुलं विळीवर पेन्सिल करायला जातील. पहिल्यांदा मला राग आला. नंतर वाटलं की हरकत बरोबर आहे. कौटुंबिक कार्यक्रम लिहायचा तर ही जबाबदारी घ्यावीच लागते. पोरं बघितलेलं करून बघतात. म्हणून बदल केला. मनू विळीजवळ यायला लागते तशी आजी म्हणते, "तिथंच थांब. उंबऱ्यावर." मनू उंबऱ्यावर थांबते आणि आजी स्वतः उठून पेन्सिल घेऊन येते, परत जाऊन बसते, टोक काढते, पुन्हा उठून द्यायला येते. गुडघे दुखणारी आजी दोनदा उठते. आधीच्या सीनपेक्षा हा सीन कितीतरी चांगला झाला. सुरक्षिततेसाठी घातलेल्या त्या अंतरातच सगळी गोष्ट येऊन बसली.

छोट्या मुलीने तो सीन दोन टेकमध्ये दिला. तिला फक्त पेन्सिल पुढे करायची होती आणि उंबऱ्यावर उभं राहायचं होतं. आजीचं काम करणाऱ्या बाईंना मात्र दुसऱ्यांदा शिसं तुटल्यावर खरोखर भरून आलं, आणि त्या ते गिळून पुढे टोक काढत राहिल्या. प्रेक्षकसंख्येच्या आठवड्याच्या आकड्यांत त्या भागाने काही विशेष केलं नाही. घसरलाही नाही.

'कौटुंबिक' या शब्दाकडे आमच्याच क्षेत्रात थोडं खालून बघितलं जातं, हे मला कायम खटकत आलं आहे. जरा कमी दर्जाचं, गोडगोड, धार काढून घेतलेलं, असा त्याचा अर्थ धरतात. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णपदक मिळालं ते 'श्यामची आई'ला. आई आणि मुलाच्या गोष्टीला. एकाच खोलीत आठ वर्षांचा नातू आणि पंचाहत्तरीची आजी बसलेली असताना दोघांनाही आपापलं काहीतरी मिळावं, एकाला मिळालेलं दुसऱ्याच्या आड येऊ नये, हे लेखनातल्या कठीण कामांपैकी एक आहे असं मी मानते.

मध्ये एक बालचित्रपट लिहिला. त्याला पैसे उभे राहायला पाच वर्षं लागली आणि चित्रपटगृहात तो एक आठवडा टिकला; शाळांमधून मात्र अजून दाखवतात. मुलांच्या चित्रपटांसाठी १९५५ पासून काम करणारी बालचित्र समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. त्यामागे प्रशासकीय कारणं असतील. पण ज्या दारावर फक्त 'मुलांसाठी' अशी पाटी होती ते दार गेल्याचं वाईट वाटतं.

शिकवायला मी आधी पाहुणी म्हणून जात होते. माझं शिक्षण बी.ए. मराठी, पुढे पदवी नाही, त्यामुळे प्राध्यापक होणं शक्य नव्हतं. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' अशी नेमणूक करता येईल असं ठरवलं: आपल्या क्षेत्रात किमान पंधरा वर्षांचा अनुभव हवा, पीएच.डी.ची अट नाही, नेमणूक ठरावीक मुदतीची. माध्यम विभागाने मला विचारलं. मुलाखतीला जाताना माझ्याकडे शोधनिबंध एकही नव्हता. दोन पिशव्या भरून जुन्या वनलाइन घेऊन गेले, चॅनेलच्या लाल शेऱ्यांसकट. समितीतल्या एका वयस्क सरांनी पेन्सिलीच्या सीनचे तिन्ही खर्डे शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि विचारलं, "हे मुलांना दाखवाल?" तेच मी पहिल्या सत्रात शिकवलं.

वर्गात आता कायदाही शिकवते, कारण तो पटकथेत उतरतो. छोट्या मुलीला रडवलं त्या प्रसंगाच्या वेळी नियम एवढे स्पष्ट नव्हते. २०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यानुसार कलाकार म्हणून काम करणाऱ्या मुलाकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कमाईतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो. विद्यार्थ्यांना वाटतं, हे निर्मात्याने बघायचं. मी त्यांना हिशेब करायला लावते. पाच तासांत मेकअप आणि कपडे बदलणं धरलंत तर त्या मुलाचे किती सीन निघतील? तुमच्या वनलाइनमध्ये नऊ आहेत. मग त्यातला कुठला सीन मूल नसतानाही त्याचाच राहील? रिकामं दप्तर, ताटात टाकलेली भेंडी, दाराआडून आलेला आवाज. निम्म्याहून अधिक वेळा तोच सीन सरस ठरतो.

चित्रपटांच्या प्रमाणपत्रांतही आता 'यूए'चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या चित्रपटांचे, वयानुसार ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे झाले आहेत. त्यावर गेल्या सत्रात वर्गात चांगली दीड तास चर्चा झाली. नंदुरबारकडचा एक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे एकाच खोलीत सगळे टप्पे बसतात." त्याने सगळ्या वर्गाचा प्रश्न एका वाक्यात सांगितला होता.

या वर्षीचे नकाशे मात्र बदलले आहेत. पूर्वी टीव्ही मध्ये आणि भोवती माणसं असायची. आता बऱ्याच कागदांवर टीव्ही बंद, आणि प्रत्येक माणसाच्या हातात एक छोटा चौकोन. लाल खुणा नाहीतच. कुणी उठून जात नाही, कारण कुणी एकत्र बसलेलंच नाही. पहिल्यांदा असे नकाशे आले तेव्हा मी रात्रभर अस्वस्थ होते. ज्या खोलीसाठी मी आयुष्यभर लिहिलं ती खोलीच रिकामी झाली की काय असं वाटलं.

जालन्याच्या एका मुलीचा कागद मी बाजूला ठेवला आहे. तिच्या नकाशात वडील ओसरीत रील बघतायत, भाऊ कॉटवर हेडफोन लावून, आई स्वयंपाकघरात. तिने मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलाय आणि भाकरी थापता थापता मालिका ऐकतेय. मधल्या खोलीत आजी. आजीकडे मोबाइल नाही. आजीच्या जागेवर तिने लाल पेनाने लिहिलं होतं, "हिला सगळ्यांचं ऐकू येतं."

मी तिला म्हटलं, यावर सीन लिही. दोन आठवडे ती अडली. विचारायला आली, "मॅडम, आजीला शेवटी काय बोलायला देऊ? तिने सगळ्यांना सुनवावं का?" मी म्हटलं, बोलायला देऊ नकोस, काहीतरी काम दे.

मागच्या गुरुवारी तिने सीन वाचला. आजी उठते. लाल खूण. ओसरीत जात नाही, कॉटपाशी जात नाही. पाट उचलते, स्वयंपाकघरात जाऊन चुलीपासून हातभर अंतरावर ठेवते आणि बसते. सून मोबाइलचा आवाज कमी करायला हात पुढे करते, पण पिठाचा हात म्हणून थांबते. आजी म्हणते, "राहू दे. काल काय झालं ते सांग आधी." सून भाकरी तव्यावर टाकते आणि सांगायला लागते. ओसरीतल्या रीलचा आवाज थोडा कमी होतो.

वाचन संपलं तेव्हा वर्गातल्या मुलांनी एकच विचारलं: आई काय सांगते? तिने ते अजून लिहिलेलं नाही. येत्या गुरुवारी आणणार आहे.